गार पाणी

वडील हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला होते. एका सकाळी त्यांचा तेरा वर्षांचा मुलगा बाथरूममध्ये स्वतःची चादर गरम पाण्यात धुताना त्यांना दिसला. त्यांना पाहून तो ओशाळला.

“गार पाणी घे, गरम पाण्याने हा डाग पक्का बसतो,” वडील म्हणाले. “झोपेत झालं ना? आजार नाही हा. वयात येताना होतं. मलाही व्हायचं.”

“तुम्हाला?” मुलाचा आवाज मध्येच चिरकला.

“मी तर चादरच फेकून दिली होती. माझी आई ती घरभर शोधत बसली.”

मुलगा हसला. मग खाली बघत म्हणाला, “बाबा, हल्ली उगाचच रडू येतं. तेही त्यातलंच?”

“तेही त्यातलंच. आलं तर येऊ दे.”

दोघांनी दोन टोकं धरून चादर पिळली. वडील त्या दिवशी कामावर उशिरा पोहोचले.