म्पियाचा राखणदार

मी एक जुना लाकडी राखणदार आहे. अरे अरे मित्रांनो, पोटातल्या भोकात बोटं घालू नका! खेळायची जागा नाही ती. तिथं म्पियाची नाळ होती.

म्पिया जन्मली तेव्हा आमच्या तेके लोकांच्या गावातल्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला कोरलं. दाढी दिली, गालांवर उभ्या रेघा ओढल्या, पाय मात्र आखूडच ठेवले. मी कुठं पळणार होतो म्हणा! मग वैदूने माझ्या पोटात पांढरी माती, म्पियाच्या आजोबांचे केस आणि तिची नाळ भरली, वरून डिंकाने तोंड बंद केलं. म्हणाला, "पोरगी मोठी होईपर्यंत डोळ्याला डोळा लावायचा नाही." तेव्हापासून मला झोप ठाऊक नाही.

म्पियाची आई न्गाला कोलाच्या झाडाचं कडू बी चावून माझ्या अंगावर फुंकायची. तो आमचा मान असतो. पण पोरगी नुसती शिंकली तरी बाई खेकसायची, "आयता कोला खातोस, आणि लक्ष कुठं असतं रे तुझं?" काय सांगणार तिला? माझा जीव कायम टांगणीला लागलेला.

यंदा कोरड्या दिवसांत म्पियाला खोकला लागला, तो थांबेचना. मी सगळी शक्ती पणाला लावली, तरी थांबेना. तेव्हा तिचा मामा लिकिबी एका व्यापाऱ्याला घेऊन आला. आमच्या घरात मामाचाच शब्द चालतो.

"हा विकू आणि पोरीला शहरातल्या दवाखान्यात नेऊ," मामा म्हणाला.

"भरल्या पोटाचा द्या," व्यापारी म्हणाला. "रिकाम्याला कोण विचारतो?"

"मग भरलाच ने की!"

"दादा, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" न्गाला कडाडली. "लाकूड काय न्यायचं ते नेऊ दे. माझ्या पोरीची नाळ बाजारात जायची नाही."

"अगं, औषधाला पैसे कमी पडले तर?"

"तर माझ्या कोंबड्या विक. नाळ नाही म्हणजे नाही!"

शेवटी मामानेच वैदूला बोलावलं. त्याने डिंक फोडून पोट रिकामं केलं. नाळ फडक्यात बांधून न्गालाने कमरेला खोचली. व्यापाऱ्याने तोंड वाकडं करत थोडेच पैसे दिले. दारात बसलेली म्पिया खोकत खोकत मला म्हणाली, "घाबरू नकोस हं. आपण दोघंही शहरातच चाललोय." वेडी पोर! शहर केवढं मोठं, तिला काय माहीत?

पोट रिकामं झालं की राखणदाराचं नुसतं लाकूड उरतं, असं आमच्याकडे म्हणतात. उरत असेल. मग शहरातल्या या बाजारात कुणी खोकलं की मला धस्स का होतं?

मित्रांनो, तुमच्यासाठीही घरात कुणीतरी जागत असेल. त्याला जपा. आणि माझं एक काम करा. दवाखाना त्या वळणापलीकडेच आहे म्हणे. जाऊन विचारा, मामाबरोबर म्पिया आली का? औषधाला पैसे पुरले का? माझे पाय आखूड आहेत रे, तुमचे तर लांब आहेत. पळा!