इव्हेटच्या स्वयंपाकघरातली बंदूक

मित्रांनो, मी हरणाच्या शिकारीची बंदूक आहे आणि आता बरीच म्हातारी झाले आहे. माझं नाव ऐकताच तुमच्यातले काही जण पुढे सरकतील, काही मागे. दोघांचंही बरोबर आहे. फक्त हात न लावता ऐका.

माझा जन्म कनेक्टिकट नदीकाठच्या एका कारखान्यात झाला. पोलादाच्या जाड कांबीला आरपार भोक पाडून माझी नळी बनवली. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. धरताना हात घसरू नये म्हणून त्याच्यावर जाळीदार नक्षी कोरतात. ते काम स्टेला वॉइचिक नावाच्या बाईकडे होतं. स्टेला डावखुरी होती, त्यामुळे माझ्यावरची नक्षी जरा उलटीकडे कलली आहे. तपासनीसाने ती बोटाने चाचपली, तो हसला आणि त्याने मला पुढे पाठवलं. स्टेलाच्या त्या हाताची आठवण मी अजून अंगावर वागवते आहे.

व्हर्मोंटच्या डोंगरातल्या पार्मली गावी मला आर्मांड लावेल घेऊन आला. तो लाकूडतोड्या होता. दर नोव्हेंबरात सोळा दिवस हरणांच्या शिकारीचे असत. त्या सोळा दिवसांत गावातला दातांचा डॉक्टर दवाखाना उघडत नसे, कारण डॉक्टरही डोंगरात आणि पेशंटही डोंगरात. आर्मांड वर्षातून एखादीच गोळी झाडत असे. तेवढ्या एका गोळीत त्याच्या घरी हिवाळाभर पुरेल इतकं मटण येई. शेजारच्या विधवा बाईकडे एक मांडी पोचवल्याशिवाय तो स्वतः जेवायला बसत नसे.

त्याची मुलगी इव्हेट अकरा वर्षांची झाली तेव्हा त्याने मला तिच्या हातात दिलं.

"ही भरलेली आहे का, बाबा?" तिने विचारलं.

"नाही. पण तू मात्र कायम भरलेलीच आहे असं समजायचं. हे विसरलीस तर तुला शिकार येत नाही, मग दहा हरणं मारलीस तरी."

इव्हेट मोठी होऊन गावाचा बर्फ काढायचा ट्रक चालवू लागली. बापाहून तिचा नेम चांगला होता. गावच्या शिकार क्लबची ती पहिली बाई अध्यक्ष झाली. ते माझे कौतुकाचे दिवस होते. लोक मला उचलून बघत, "काय तोल आहे हिचा!" म्हणत. मी फुलून जाई.

आता मी तुम्हाला एक गोष्ट सांगणार आहे. ती सांगायला इव्हेटला बारा वर्षं लागली.

तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दाराआड, केरसुणीशेजारी उभी असे. गावात सगळ्यांच्या बंदुका अशाच असत. एका दुपारी इव्हेट डोंगरातून परत आली. बोटं थंडीने बधिर झाली होती. तिने माझ्यातली काडतुसं काढली, पण एक आत राहिलं. तिला वाटलं, सगळी निघाली. मला दाराआड टेकवून ती सरपण आणायला बाहेर गेली.

घरात तिच्या धाकट्या भावाची, गिलची, पाच वर्षांची मुलगी जोसी होती. म्हातारा आर्मांड चुलीजवळच्या खुर्चीत डुलक्या घेत होता. जोसीने मला ओढत ओढत बाहेर काढलं आणि माझी नळी स्टुलावर टेकवली.

"आजोबा, तुम्ही हरीण!" ती म्हणाली.

मित्रांनो, तिचं इवलंसं बोट मला चापावर जाणवलं. तिने चाप दाबला. मग दोन बोटांनी दाबला. मला ओरडता येत नाही, मागे सरता येत नाही. माझ्या मानेजवळ सेफ्टीचा एक खटका आहे, नखाएवढा. इव्हेटने सवयीने तो लावला होता. तेवढाच चापाला अडवून उभा होता.

इव्हेट दारात आली. हातातलं सरपण तिने टाकलं नाही, अलगद खाली ठेवलं. "जोसी बाळा, आत्याकडे दे हं ती," ती अगदी हळू आवाजात म्हणाली. जोसीने मला तिच्या हातात दिलं. इव्हेटने मला उघडलं. काडतूस टणकन फरशीवर पडलं आणि इव्हेटने ते उचलून कोटाच्या खिशात टाकलं. आर्मांड जागा होऊन विचारत होता, "जेवायला काय आहे गं?"

दुसऱ्या दिवशी पोलादी कपाट आलं. कोठीच्या खोलीत ते भिंतीला बोल्टने घट्ट केलं आणि मी आत गेले. किल्ली इव्हेटच्या गळ्यात. का, ते तिने कुणाला सांगितलं नाही. गिल तिला चिडवायचा, "काय खजिनदारबाई, आत सोनं ठेवलंय का?" ती हसून वेळ मारून न्यायची. आर्मांड वारला, तरी तिने तोंड उघडलं नाही.

खरं सांगू? कपाटात गेल्यावर पहिल्यांदा मी रुसले होते. मला वाटलं, मला अडगळीत टाकलं. पुढे कळलं, तिने मला जन्माच्या कलंकातून वाचवलं होतं.

बारा वर्षं गेली. गावच्या लायब्ररीत प्रिसिला हेट नावाच्या बाई होत्या. पार्मलीत येऊन त्यांना वीसच वर्षं झाली होती, त्यामुळे गाव त्यांना अजून 'त्या नव्या बाई' म्हणत असे. मार्चमधल्या गावसभेसाठी त्यांनी एक ठराव मांडला: बंदूकवाल्यांना घरातल्या बंदुका कुलपात ठेवण्याची सक्ती करावी, अशी राज्याकडे मागणी करावी.

गावात ठिणगी पडली. क्लबची मंडळी इव्हेटच्या स्वयंपाकघरात जमली. सगळ्यात मोठा आवाज रॉय पिंकमचा. त्याचं दूधदुभत्याचं दुकान होतं.

"आज कुलूप म्हणतील, उद्या बंदूक मागतील!" रॉय म्हणाला. "त्या बाईला बंदुकीचं कुठलं टोक पुढे असतं ते तरी ठाऊक आहे का? इव्हेट, सभेत तू ऊठ आणि तिला गप्प कर."

"गप्प करून काय होईल?" इव्हेट म्हणाली.

"आपण जिंकू."

"आणि टोकाचं तिला कोण सांगणार, रॉय? आपण सांगितलंय कधी?"

रॉयने कॉफीचा कप ठेवला. "तू कुणाच्या बाजूची आहेस गं?"

तिने त्याचा कप पुन्हा भरला. पण दुसऱ्या दिवशी तिने प्रिसिलाबाईंना फोन केला. "शनिवारी दुपारी माझ्याकडे जेवायला या. ज्यांना बंदुकीची भीती वाटते, राग येतो, त्यांना बरोबर आणा. वाटेल ते विचारा."

शनिवारी सात जण आले. चुलीवर हरणाच्या मटणाचा रस्सा होता. गिल आला, सतरा वर्षांची जोसी घरचे डोनट घेऊन आली. रॉयही आला, दारालाच टेकून उभा राहिला. जेवणं झाल्यावर इव्हेटने कपाट उघडलं. मला उघडून रिकामी आहे हे प्रत्येकाला दाखवलं आणि टेबलावर ठेवलं.

इतकी माणसं इतका वेळ माझ्याकडे बघत आहेत आणि कुणीही माझं कौतुक करत नाही, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

"तुम्हाला ही सुंदर वाटते?" एका तरुण आईने विचारलं.

"वाटते," इव्हेट म्हणाली. "तुम्हाला नाही वाटली तरी चालेल."

प्रिसिलाबाईंनी हात मांडीवर घट्ट धरले होते. "मला एकच विचारायचंय. तुम्हाला हिची कधी भीती वाटली?"

इव्हेटने जोसीकडे पाहिलं, मग गिलकडे. आणि तिने सांगितलं. राहिलेलं काडतूस, स्टूल, दोन बोटं, आजोबांची खुर्ची. काहीही न गाळता, स्वतःची बाजू न घेता.

गिल उठला आणि बाहेर गेला. अंगणातून लाकडं फोडण्याचा आवाज येऊ लागला. शेवटी तो परत आला, कोटावर लाकडाचे ढलपे घेऊन.

"बारा वर्षं, इव्हेट."

"हो."

"मी रोज पोरीला तुझ्याकडे सोडून कामावर जायचो."

"म्हणूनच तोंड उघडवेना. तू तिला परत आणली नसतीस तर?"

गिलने तिच्या गळ्यातल्या किल्लीकडे पाहिलं. "नसती आणली," तो म्हणाला. मग खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला.

जोसी आत्याच्या मागे जाऊन उभी राहिली आणि तिने दोन्ही हात तिच्या खांद्यांवर ठेवले. "मला काहीच आठवत नाही, आत्या," ती म्हणाली. "आठवत नाही, हे किती बरं आहे."

प्रिसिलाबाईंचे डोळे भरले होते. "मी तुमच्यावर ठराव आणला," त्या म्हणाल्या, "आणि माझ्या ठरावासाठी याहून मोठा पुरावा तुम्हीच दिलात. तुम्हाला हे माझ्याविरुद्ध जाईल असं नाही का वाटलं?"

"ठराव मागे घेऊ नका. फक्त एक शब्द बदला. 'बंदूकवाल्यांना' काढा, 'आम्हां सर्वांना' लिहा. मी अनुमोदन देते."

रॉय दार आपटून निघून गेला.

गावसभेत मी नव्हते. सभेतल्या जेवणाची रिकामी भांडी घेऊन परत आल्यावर गिल आणि जोसी जे बोलले, ते मी कपाटातून ऐकलं. इव्हेटने भर सभेत तीच गोष्ट पुन्हा सांगितली होती. क्लबचे चार जण उठून गेले. ठराव नऊ मतांनी पडला.

"पडला तर पडला," गिल म्हणत होता, "पण मागच्या बाकावर बंदुकीच्या चापाला लावायच्या फुकट कुलपांची पेटी ठेवली होती ना, ती संध्याकाळी रिकामी होती. शेवटची दोन रॉयने उचलली. म्हणे, 'माझ्यासाठी नाही, मेव्हण्यासाठी.'"

"त्याला मेव्हणाच नाहीये, बाबा," जोसी म्हणाली, आणि इव्हेट इतकी हसली की कपाटाचं दार थरथरलं.

तेव्हापासून दर ऑक्टोबरात, शिकारीच्या आधी, क्लबचं दार एक दिवस सगळ्यांसाठी उघडं असतं. मला टेबलावर ठेवतात. लोक भांडतात, विचारतात, रस्सा खातात. प्रिसिलाबाई अजून मला हात लावत नाहीत. पण चहा त्याच ओततात. रॉय माझं कुठलं टोक पुढे असतं ते लोकांना समजावतो. पुन्हा ठराव आला, पुन्हा पडला, या वेळी दोन मतांनी. पण कुणी कुणाशी बोलणं टाकलं नाही.

मित्रांनो, मी स्वतःहून चांगलीही नाही आणि वाईटही नाही. माझ्यावर कुणाचा हात पडतो आणि तो हात किती सावध आहे, यावर माझं नशीब ठरतं. मी सगळ्यांची ऋणी आहे: माझ्यावर वाकडी नक्षी कोरणाऱ्या स्टेलाची, नेम शिकवण्याआधी धाक शिकवणाऱ्या आर्मांडची, न भांडता अवघड प्रश्न विचारणाऱ्या प्रिसिलाबाईंची. आणि सगळ्यात जास्त इव्हेटची. तिने मला कुलपात ठेवलं आणि स्वतःची चूक मात्र सगळ्यांसमोर उघडी केली.

तुमच्या ओळखीत कुणाच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल, तर विचारायला लाजू नका: "कुलपात आहे ना?" आणि ज्याच्या घरी असेल, त्याने हा प्रश्न मनाला लावून घेऊ नये. खुर्ची पुढे करावी आणि उत्तर द्यावं.

गेल्या ऑगस्टमध्ये जोसीचं लग्न झालं, याच अंगणात. मी कपाटात होते. बाहेर व्हायोलिन वाजत होतं, लाकडी फळ्यांवर नाचणाऱ्या पायांचा धडधडाट चालला होता. त्यात जोसीचे पाय कुठले, ते मला ओळखता येत नव्हतं. मी सगळेच पाय ऐकत राहिले.