मन रमवायला आणलेली

खट्.

थर्मामीटरची डबी उघडली, तेवढाच काय तो आवाज त्या गपगार खोलीत झाला. पद्मिनीने श्वास रोखून पलीकडे पाहिलं. सुधाकरराव भिंतीकडे तोंड करून पडलेले. ते जागे असतात हे तिला ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे त्यांनाही. गेली तीन वर्षं रोज सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी ती जिभेखाली काच धरायची, अंगाची ऊब मोजायची, आणि तोवर ते झोपेचं सोंग घ्यायचे. नवराबायकोने एकमेकांवर केलेली एवढीच मेहेरबानी.

मधल्या गोधडीतून एक झिपरं डोकं वर आलं.

"मोठीमाय, तुले ताप हाय?"

पद्मिनीने मान हलवली. नाही.

"मंग रोज काऊन पाह्यतं?"

तोंडात काच असली की एक बरं असतं, उत्तर द्यावं लागत नाही.

रुक्मी सुधाकररावांच्या धाकट्या भावाची, मारोतीची मुलगी. साडेचार वर्षांची. बेल्याजवळच्या गावाहून ती इथं, इचोड्याला आली त्याला चार महिने होत आले होते. पण ती काही पाहुणी म्हणून आली नव्हती. औषध म्हणून आली होती.

लग्नाला आठ वर्षं झाली होती. आदिलाबादच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांच्याही तपासण्या केल्या, मूल राहायचे दिवस कळावेत म्हणून रोज सकाळी अंगाची ऊब मोजायला सांगितली आणि कागद परत दिले. "सब नॉर्मल है अम्मा. टेन्शन मत लो, बस."

पद्मिनी शाळेत असल्यापासून सांगितलेलं काम नेटानं करणारी. टेन्शन न घेण्याचं कामही तिनं तसंच अंगावर घेतलं. दुपारी दोन ते तीन डोळे मिटून पडायचं, संध्याकाळी रेडिओ ऐकायचा. एका रविवारी दोघं कुंतालाच्या धबधब्यावरही जाऊन आली. खडकावर बसून पाण्याकडे पाहता पाहता ती मनाला सारखी विचारत राहिली, झालंस का मोकळं? आता? आता तरी? आणि दर महिन्याला पाळी आली की घरच्यांचे डोळे म्हणायचे, घेतलंस ना पुन्हा टेन्शन? म्हणजे दुःख तिचं ते तिचंच, वर गुन्हाही तिचाच.

आणि तिकडे वनमाला.

मारोतीची बायको, धाकटी जाऊ. लग्नाच्या वर्षाच्या आत तिला रुक्मी झाली. ती कुठंही झोपायची. बैलगाडीत, चुलीपुढं बसल्या बसल्या, खोलीत रचलेल्या कापसाच्या ढिगावर. पाठ टेकली की घोरायला लागलीच. पद्मिनीला तिच्या भरल्या कुशीचा हेवा होताच, पण त्याहून जास्त हेवा होता तिच्या झोपेचा. कापसात रुतलेला तो हात, अर्धवट उघडं तोंड. असं बिनघोर राहिलं की मूल होतं, असं जो तो सांगत होता. मग गावी गेली की पद्मिनी दाराच्या चौकटीत उभी राहून आपला श्वास तिच्या श्वासाशी जुळवून पाहायची. जुळायचा नाही. एकदा तर तिनं मुद्दाम पितळेचा गंज खाली पाडला. वनमालेनं कूस बदलली आणि पुन्हा घोरायला लागली.

यंदा पोळ्याला सगळी गावी जमली, तेव्हा कळलं, वनमालेला पुन्हा दिवस गेले आहेत. पद्मिनी पुरण वाटत होती. वाटतच राहिली. पुरण लोण्यासारखं झालं तरी तिचा हात थांबेना. ते सासूबाईंनी, बयनाबाईंनी, पाहिलं असावं.

"पोर घरात राह्यलं का मन रमते," संध्याकाळी त्या म्हणाल्या. "मन रमलं का कूस उजवते. रुक्मीले घेऊन जा पद्मिनी. तुले झालं का आनून दे."

वनमाला खळखळून हसली. "न्या न ताई! तेवढीच मले झोप!"

बयनाबाईंनी पोर पद्मिनीच्या पदरात बसवली, वरून ओंजळभर ज्वारी टाकली आणि बजावलं, "वेस ओलांडेस्तोर मागं पाह्यचं नाही." पद्मिनीनं पाहिलं नाही. तिच्या खांद्यावरून रुक्मी मात्र पाहत राहिली.

पहिला महिना पोर दिवे लागले की मायेसाठी रडायची. आणि झोपेत हसायची, थेट आईसारखी. तेव्हा पद्मिनी तिच्यावरची गोधडी जरा जोरातच ओढायची. पण हळूहळू दोघींचा दिवस एक झाला. पायरीवर बसून नागपूरकडे जाणारे ट्रक पाहायचे, लाल कोणता, हिरवा कोणता. केसांतल्या उवा काढायच्या. वाटीत चिंच-गूळ कालवायचा. मधे एकदा पद्मिनीच्या ध्यानात आलं, आपण नऊ दिवस थर्मामीटर लावलाच नाही.

आता पाळी सहा दिवसांनी लांबली होती. तिनं अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. सुधाकररावांनाही नाही.

त्या दिवशी दुपारच्या बसनं मारोती आणि वनमाला आले. मारोती पिशवी टेकवून बाजारात गेला. सात महिन्यांचं पोट सांभाळत वनमाला दारातूनच ओरडली, "रुक्मे! कोन आलं पाह्य!"

रुक्मी पद्मिनीच्या मागं गेली. लुगडं घट्ट धरून लपली.

पद्मिनीच्या छातीत काहीतरी गोड पसरलं. ते चांगलं नव्हतं, तिला कळत होतं. पोरीला पुढं करायला हवं होतं. ती क्षणभर जास्तच थांबली.

"मले विसरली का व, भवाने?" वनमाला हसत म्हणाली. हसू ओठांवरच राहिलं.

"लाजली असन," पद्मिनी म्हणाली. "रोज माय माय करते." हे खोटं होतं. गेल्या महिनाभरात रुक्मीनं आईचं एकदाही नाव काढलं नव्हतं.

जेवणं झाल्यावर पद्मिनीनं चटई टाकली. "पड थोडी. थकली असशीन." रुक्मी आतल्या खोलीत पद्मिनीच्या मांडीवरच झोपी गेली. तिला अलगद खाली ठेवून पद्मिनी पाणी घ्यायला आली, तर वनमाला उताणी पडून पत्र्याकडे टक लावून पाहत होती.

"झोपली नाही?"

"झोप येत नाही ताई. पोळ्यापासून येतच नाही."

"तुले? तू तर कापसावर—"

"आता कापसावर पडलं का कापूस टोचते." ती कुशीवर वळली. "घर लई गप वाटते व. राग नका मानू ताई, पन इचारू? काई... राह्यलं का?"

पद्मिनीच्या हातात पेला होता.

"नाही," ती म्हणाली.

वनमालेनं डोळे मिटले. "मी रोज देवापाशी मागते, ताईले होऊ दे." मग जरा थांबून, "खोटं काऊन बोलू? तुमच्यासाठी नाही मागत. माह्यासाठी मागते."

पद्मिनी पेला घेऊन तिथंच उभी राहिली. जी झोप पाहून ती इतकी वर्षं जळली, ती तिनंच पदरात घालून, मागं न पाहता, इचोड्याला आणली होती. आता आपण खूश व्हायला हवं, असं तिला वाटून गेलं. खूश होता येईना. आणि पोर परत द्यायचीही तिची तयारी नव्हती.

संध्याकाळच्या बसनं ती दोघं गेली. रुक्मीनं हात हलवला. बस वळणाआड गेल्यावरही हलवत राहिली.

दुसऱ्या सकाळी पुन्हा खट्. सातवा दिवस. सुधाकरराव भिंतीकडे तोंड करून. पद्मिनी काच जिभेखाली धरून पत्र्याकडे पाहत होती, काल वनमाला पाहत होती तशीच. पाळी लांबूनही पारा चढलेलाच राहिला तर दिवस गेले, हे तिला पाठ होतं; तो चढलेलाच असावा असं तिला वाटत होतं. नसावा, असंही.

गोधडीतून झिपरं डोकं वर आलं. आज तिनं तापाचं विचारलं नाही.

"आजी म्हने, तुले बाळ झालं का मी माह्या मायपाशी जाईन."

पद्मिनीनं ओठांवर बोट ठेवलं. रुक्मी शहाण्यासारखी गप्प बसली, उशीवर हनुवटी ठेवून वाट पाहत. काच बाहेर निघेपर्यंत वाट पाहिली. पद्मिनीनं ती काढली, उजेडाकडे धरली, आणि पारा पाहायच्या आधीच तो लहानसा हात तिच्या मनगटावर आला.

"मोठीमाय, तू बाळ लवकर आनशीन का उशिरा?"