बाबांच्या हातचं शेवटचं जाळं

जाळी विणणारे बाबा एकशे दोन वर्षं जगले, आणि शोकसभेत ती सगळी वर्षं पुन्हा एकदा जगायचा गावाने चंगच बांधला होता. मासळीच्या लिलावाची शेड गच्च भरली होती. कुणी सांगे, बाबांनी चार पिढ्यांना जाळी पुरवली. कुणी सांगे, एक वेळ समुद्र आटेल पण बाबांची गाठ सुटायची नाही. बाबांची लेक पहिल्या रांगेत बसून ऐकत होती. तिनेही साठी ओलांडली होती, पण गावाच्या लेखी ती अजून बाबांची पोरगीच.

"शंभरीतही हाताला कंप नाही," एक म्हातारा म्हणाला. "नाहीतर आम्ही. चहा पोटात कमी, सदऱ्यावर जास्त."

लोक हसले. लेक हसली नाही. बाबांच्या बोटांतलं बळ नव्वदीतच गेलं होतं. ते दिवसभर ओट्यावर सुई घेऊन बसायचे, आल्यागेल्याला दिसतील असे. त्यांचा डोळा लागला की ती त्यांच्या ढिल्या गाठी सोडवून पुन्हा घट्ट मारायची. बाबा डावखुरे, म्हणून तीही डाव्या हाताने शिकली, वीण बघून कुणाला शंका यायला नको. बाबांना हे कळत होतं की नाही, देव जाणे. चारचौघांत मात्र ते हमखास म्हणायचे, "हिचा हात कच्चा. हिला नुसता दोरा गुंडाळायला ठेवलीय." ती मान खाली घालून दोरा गुंडाळायची. राग यायचा, फार यायचा. पण म्हाताऱ्याकडे तेवढा एक मान उरला होता, तो कसा काढून घ्यायचा?

मग बोटमालक उठला. त्याने एक नवंकोरं जाळं पुढे आणवलं.

"हे बाबांच्या हातचं शेवटचं. ते गेले त्या दिवशी ओट्यावर पडलं होतं, मी जपून आणून ठेवलं. उद्या माझा मुलगा पहिल्यांदा स्वतः बोट घेऊन जातोय. तो हेच जाळं नेईल."

लेकीने जाळं ओळखलं. आजारपण, दवाखाना, त्या धावपळीत या जाळ्याला तिचा हात लागलाच नव्हता. भरलेलं जाळं ओढताना या गाठी सरकणार, जाळं फाटून बोटीच्या पंख्यात अडकणार. बंद पडलेली बोट लाटा कशी उलटवतात, हे त्या शेडमध्ये सगळ्यांनाच माहीत होतं.

ती उठली. "मालक, हे नेऊ नका."

"का हो ताई?"

तिने जाळं हातात घेऊन जरासं ओढलं. गाठी सरसर सरकल्या. सगळ्यांच्या नजरा जाळ्यावरून बाबांच्या फोटोकडे वळल्या. फोटोत बाबा मांडीवर सुई ठेवून ऐटीत बसले होते. सगळं सांगून टाकायची हीच वेळ होती. शब्द तिच्या जिभेवर आलेही होते.

"हे बाबांचं नाही," ती म्हणाली. "शेवटी त्यांना बरं नव्हतं, म्हणून मी विणलं. माझंच चुकलं."

शेडचा जीव भांड्यात पडला.

"तरीच," मघाचा म्हातारा म्हणाला. "बाबा म्हणायचेच, हिचा हात कच्चा." दोघंतिघं हसले. प्रेमानेच हसले, आणि तेच तिला जास्त लागलं.

बोटमालक जवळ आला. माणूस वाईट नव्हता. आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, मनाला लावून घेऊ नका. पण यापुढे जाळी मी कारखान्यातूनच मागवीन. तुम्हीही आता आराम करा."

तिने मान हलवली. तिला दुसरं कुठलंही काम येत नव्हतं, आणि घरची चूल या कामावरच पेटायची.

"मग उद्या पोरगा काय नेणार?" तिने विचारलं.

"बाबांचं मागच्या वर्षीचं आहे ना. एक गाठ हललेली नाही त्याची. अजून कितीतरी वर्षं चालेल."

"चालेल," ती म्हणाली, आणि ढिलं जाळं गोळा करायला खाली वाकली.