आक्कानं नापास केलेला कॅट

मित्रांनो, मी एक जुना पत्त्यांचा कॅट आहे. पण मला घेऊन पत्ते खेळायला बसू नका. उगाच भांडणं होतील. का होतील, ते पुढं सांगतोच.

माझी पाठ निळी आहे आणि तिच्यावर पांढरी जाळी आहे. खोकं मात्र कधीच फाटलं. आता मी एका चौकोनी पत्र्याच्या डब्यात राहतो. डब्यात पूर्वी घुंगरू असायचे. एखाददुसरा घुंगरू अजूनही तळाशी आहे, डबा हलवला की वाजतो. त्यामुळं मी चालू लागलो की काय, असं घरातल्या मांजराला वाटतं आणि ते कान टवकारून बसतं.

मी साधा कॅट नाही, जादूचा कॅट आहे. माझं गुपित तुम्हांला सांगतो. गुपित म्हणायचं आपलं, कारण दुकानात माझ्याबरोबर एक छापील चिठ्ठी मिळायची आणि तिच्यात सगळं लिहिलेलं असायचं. माझ्यात बावन्न पत्ते आहेत. त्यांतले सव्वीस वेगवेगळे आहेत, उरलेल्या सव्वीस आहेत बदाम सत्त्या. एक वेगळा पत्ता, त्याच्यावर एक सत्ती, असे आम्ही एकाआड एक बसतो. छापखान्यात त्या सत्त्यांची कड केसभर छाटली. केसभर म्हणजे केसभरच. डोळ्यांना दिसत नाही. पण अंगठ्यानं एका बाजूनं पत्ते फरफर सोडले, तर सगळे वेगवेगळे दिसतात आणि दुसऱ्या बाजूनं सोडले, तर सगळ्या सत्त्याच सत्त्या. माणसाला कुठलाही पत्ता ओढायला सांगा, त्याच्या हातात बदाम सत्तीच येते. तो बिचारा डोकं खाजवतो आणि जादूगार मिशीत हसतो.

माझे मालक गणपतराव यांना मिशी होती, पण हसायला फारसं मिळायचं नाही. त्याला कारण त्यांची मोठी बहीण बयाबाई. तिला सगळे आक्का म्हणत.

गणपतराव कोल्हापूरचे. रविवारी रंकाळ्यावर आणि जत्रांच्या दिवसांत गावोगावच्या जत्रेत ते टेबल मांडून जादूचं सामान विकायचे. रबरी विंचू, दोन तळांचा पेला, न संपणारा रुमाल, असं बरंच काही. दरवर्षी दिवाळीच्या आधी नव्या वस्तूंचे नमुने यायचे. त्यांतलं काय मागवायचं आणि काय नाही, हे ठरवायची त्यांची एक पद्धत होती. भाऊबीजेला ते हुपरीला आक्काकडं जायचे. ओवाळून झालं, की पाटावर बसल्या बसल्याच आक्काला नवी जादू दाखवायचे. आक्का फसली, तर वस्तू पास. नाही फसली, तर नापास. रबरी विंचू बघून आक्का एका उडीत चुलीपर्यंत गेली होती. त्या वर्षी जत्रेत विंचूच विंचू झाले.

पण विंचू स्वतःच भीती दाखवतो. जिथं गणपतरावांच्या हाताची करामत असे, तिथं आक्का कधी फसली नव्हती. लहानपणापासून एकदाही नाही. तिला एकदा तरी फसवायचं, ही गणपतरावांची आयुष्यभराची हौस होती.

एकोणीसशे चौऱ्याण्णवच्या भाऊबीजेला ते मला घेऊन गेले. मी नवाकोरा, कडक होतो आणि थोडा गर्विष्ठही होतो. गणपतरावांनी मला मस्त पिसल्यासारखं केलं. आक्कानं एक पत्ता ओढला, बदाम सत्ती. तो परत ठेवला. गणपतरावांनी फुंकर मारली आणि फर्रकन सगळे पत्ते सत्त्या करून दाखवले. जमलेली पोरंटोरं ओरडली, शेजारच्या अंबूबाईंनी तर हात जोडले.

आक्का म्हणाली, "आण हिकडं."

तिनं मला हातात घेतलं आणि डोळे मिटले. मित्रांनो, तिची बोटं मला अजून आठवतात. आक्का चांदीच्या शेठकडून काम आणून घरीच पैंजणं करायची. चांदीच्या बारीक साखळीला एकेक घुंगरू जोडायची. वीस वर्षं तेच काम. तिचा अंगठा माझ्या कडेवरून हळूहळू गेला आणि प्रत्येक पत्त्यावर किंचित थांबला.

"एक लांब, एक आखूड. एक लांब, एक आखूड," ती म्हणाली. "गणपा, पैंजणाच्या कड्या मी अशा जोडल्या तर शेठ मला दारात तरी उभं करंल व्हय? नापास!"

"आक्का, अगं डोळ्यानं बघ की! बोटानं कोण बघतंय?"

"मी बघतो न्हवं का!" आक्का म्हणाली आणि गणपतरावांच्या ताटात आणखी दोन करंज्या वाढल्या.

माझा सगळा तोरा उतरला. गणपतरावांनी माझ्यासारखे कॅट मागवलेच नाहीत. मी एकटा नमुना, तोही तिथंच आक्काकडं राहिलो. ते म्हणाले, "ठेव तुझ्यापाशी. जत्रंत ह्याला बघून मला रडू येईल."

आता ते भांडण ऐका. त्या काळात हुपरीत दुपारची लाईट गेली, की चांदीच्या कामाची मशिनं थांबायची आणि बायका ओसरीवर टेकायच्या. अशाच एका दुपारी अंबूबाईंना मी फळीवर दिसलो. हाच तो जादूचा कॅट, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. आक्का पाणी भरायला गेली होती. चौघीजणी बसल्या. मला पिसलं, वाटलं आणि डाव कुठला मांडला असेल? बदाम सात! ज्याच्याकडं बदाम सत्ती, त्यानं आधी उतरायचं.

"बदाम सत्ती कुणाकडं हाय? टाका की," अंबूबाई म्हणाल्या.

"माझ्याकडं."

"व्हय? माझ्याकडं बी हाय."

"अगं, माझ्याकडं पाच हैत!"

अंबूबाईंनी तोवर पालथे ठेवलेले आपले पत्ते उचलून बघितले. त्यांत आठ सत्त्या होत्या. त्यांना वाटलं, बाकीच्यांनी मिळून आपली थट्टा मांडली आहे. त्या जे बोलल्या, ते मी इथं सांगत नाही, कारण तुम्ही लहान आहात. आक्का घागर घेऊन आली तेव्हा चौघी उभ्या राहून भांडत होत्या आणि मी ओसरीभर पसरलो होतो. आक्का हसून हसून खालीच बसली, अर्धी घागर सांडली. त्या दिवसानंतर मला घुंगरांच्या रिकाम्या डब्यात घालून वर ठेवलं गेलं.

वर्षं गेली. डब्यावर धूळ बसली. मला वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू? पण दर भाऊबीजेला खालून आक्काचा खणखणीत आवाज यायचा, "नापास!" तो ऐकला, की बरं वाटायचं. नापास झालेला मी एकटाच नाही, हे कळायचं.

दोन हजार चार सालच्या भाऊबीजेला मात्र गंमत झाली. आधी आक्कानं भावाला कुंकू लावलं ते कपाळावरून घसरून नाकावर उतरलं. सगळे हसले. आक्काची सून मोना तेवढी हसली नाही. मग गणपतराव म्हणाले, "यंदा नवीन काय आणलं न्हाय. यंदा परीक्षा तुझी." त्यांनी फळीवरून माझा डबा काढला. खिशातून दुसरा कॅट काढला. तोही निळा, तशाच जाळीचा, पण साधा. दोघांना पाठीमागं नेऊन अदलाबदल केली आणि आक्कापुढं धरलं.

"डोळं मीट. ह्यातला जादूचा कंचा, सांग."

दहा वर्षांनी आक्काचा अंगठा माझ्या कडेवर आला. मी खुशीत होतो. आता ती थांबेल, एक लांब, एक आखूड म्हणेल, असं मला वाटलं. पण अंगठा थांबलाच नाही. तो नुसता माझ्यावरून घसरत गेला. मी आतल्या आत ओरडत होतो, आक्का, मी इथं आहे! तिनं दुसऱ्या कॅटवर हात ठेवला.

"ह्यो."

"फसली!" गणपतराव पाटावरून उठून नाचायलाच लागले. "आक्का फसली! मोना, बघ गं, तुझी सासू फसली!" त्यांनी पुन्हा अदलाबदल केली. आक्का पुन्हा चुकली.

"बरं, पास," आक्का म्हणाली. "झालं समाधान? जेवून घे आता."

गणपतराव नाचता नाचता थांबले. इतकी वर्षं ज्या शब्दाची वाट बघितली, तो शब्द मिळाला होता. पण आक्का न भांडता पास म्हणाली, हेच त्यांना पटेना. त्यांनी कोपऱ्यातल्या परातीकडं बघितलं. तिच्यात अर्धवट पैंजण होतं आणि त्याचे घुंगरू वेडेवाकडे बसले होते. ते खाली बसले, आक्काचा हात हातात घेतला आणि तिच्या बोटाच्या टोकाला चिमटा काढला.

"कळतंय का काय?"

आक्कानं हात सोडवून घेतला. मग म्हणाली, "न्हाय रं."

"कवापासनं?"

"गौरी-गणपती झाल्यापासनं. आधी मुंग्या यायच्या, आता कायच कळत न्हाय. घुंगरू हातातनं कवा पडतोय, ते बी कळत न्हाय." आणि मग ती जे बोलली, त्यानं मला माझ्या आखूड कडेची लाज वाटली, कारण तिनंच आक्काचं गुपित फोडलं होतं. "कुणाला सांगू नगंस, गणपा. माझ्या हातातलं काम काढून घेतील. मला दुसरं काय येतंय?"

मोना दारात उभी होती. "मामा, मी किती दिस सांगतोय, डॉक्टरकडं चला म्हणून. आत्ती ऐकतच न्हाईत."

"आता ऐकंल," गणपतराव म्हणाले. "न ऐकून सांगती कुणाला!"

दुसऱ्याच दिवशी ते तिला कोल्हापूरला घेऊन गेले. मनगटातली शीर दाबली गेली होती. वर्षानुवर्षं मनगट वाकवून काम केल्याचा तो परिणाम होता. छोटंसं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. बोटांना जाण हळूहळू येईल, पण रोज बोटांना काहीतरी ओळखायला लावा. धान्य निवडा, कापड चाचपा.

धान्य? आक्काच्या घरात मी असताना?

मित्रांनो, माझ्या आयुष्यातले सगळ्यांत चांगले दिवस तेव्हा सुरू झाले. ज्या खोडीमुळं मी नापास झालो होतो, तीच आता कामाला आली. रोज सकाळी आक्का डोळे मिटून बसायची आणि माझे लांब पत्ते एकीकडं, आखूड पत्ते दुसरीकडं करायची. मोना तपासायची. पहिल्या दिवशी नुसता गोंधळ झाला. आक्कानं चिडून मला भिंतीवर फेकलं. चौकटचा गुलाम तेव्हापासून कोपऱ्यात दुमडलेला आहे, पण त्याची काही तक्रार नाही. पहिले दोन महिने काहीच फरक पडला नाही. आक्का खिडकीकडं तोंड करून बसायची आणि मोना उगाच भांडी वाजवायची. मग संक्रांतीनंतर एका सकाळी तिचा अंगठा एका सत्तीवर थांबला. किंचितच. पुढं गेला, पुन्हा मागं आला.

"मोना," आक्का हळू आवाजात म्हणाली, "ह्यो आखूड हाय का गं?"

"व्हय, आत्ती."

दोघी त्या एका पत्त्याकडं बघत राहिल्या. त्या वेळी मला जेवढा अभिमान वाटला, तेवढा पोरांच्या टाळ्यांनीही कधी वाटला नव्हता.

पुढच्या भाऊबीजेला गणपतराव आले. आक्कानं ओवाळलं. कुंकू बरोबर कपाळाच्या मधोमध लागलं. गणपतरावांनी पाण्याच्या निमित्तानं आत जाऊन डबा काढला आणि बाहेर येऊन दोन निळे कॅट पाटावर ठेवले.

"मीट डोळं. सांग कंचा."

आक्कानं पहिला कॅट चाचपला. दुसरा चाचपला. पुन्हा पहिला घेतला. ओसरीवरची पोरंटोरं पुढं सरकली. गणपतराव सारखे चुळबुळत होते. मला हे सगळं ठाऊक आहे, कारण मी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होतो. पाटावरचे दोन्ही कॅट साधेच होते.

"गणपा," आक्का डोळे न उघडता म्हणाली, "ह्या दोनीत न्हाय. तुझ्या खिशात हाय. न्हानपणापासनं तितंच लपवतोस. काढ भायेर!"

गणपतरावांनी मला खिशातून काढून पाटावर ठेवलं.

"नापास!" आक्का ओरडली. पार गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं असेल.

आणि मित्रांनो, नापास झालेला तो मिशीवाला माणूस आक्काचे दोन्ही हात डोळ्यांना लावून लहान मुलासारखा रडला आणि मग रडता रडता हसायला लागला. अंबूबाईंनी पेढे आणायला माणूस पाठवला.

आता मी खूप जुना झालो आहे. माझ्या कडा मऊ पडल्या आहेत आणि लांब-आखूड हा भेद माझा मलाच नीट कळत नाही. आक्काला मात्र अजून कळतो. तुम्ही पत्ते खेळत असाल, तर पत्ते पिसताना बोट थुंकीनं ओलं करू नका, खेळून झालं की मोजून खोक्यात ठेवा. एवढं माझं स्वतःसाठी मागणं. दुसरं मागणं मात्र त्याहून मोठं आहे. तुमच्याही घरात कुणीतरी असेल, जे तुमची प्रत्येक चूक बरोबर पकडतं आणि तुम्हांला कधी धड शाबासकी देत नाही. ते माणूस एखाद्या दिवशी न भांडता, न बघता, नुसतं "छान" म्हणालं, तर नाचू नका. आधी त्याचे हात हातात घेऊन बघा.