पांढऱ्याखालचा लाल

मी जहाज बोलतोय. मुक्काम कामरगाव, तालुका कारंजा, जिल्हा वाशीम. हसू नका. समुद्र इथून किती लांब आहे हे मलाही ठाऊक आहे. माझ्या पाहण्यातलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे आमच्या गच्चीवरची काळी टाकी, आणि उन्हाळ्यात तीही अर्धीच असते. पाण्यात पडायची मला हौस नाही. मला आयुष्यात एकच काम नीट करायचं होतं, सूड घेण्याचं; आणि ते कोरड्या जमिनीवरही झकास होतं.

आधीच्या जन्मी मी शाळेतला बाक होतो. सागवानी. पोरांनी माझ्यावर कर्कटकानं नावं कोरली, शाई सांडली, पायावर पाय आपटले. बाकाचा जन्म सहनशीलता शिकवतो असं कोणी म्हणत असेल तर त्यानं बाकावर बसून पाहिलेलं आहे, बाक होऊन पाहिलेलं नाही. मी तिथे डूख धरायला शिकलो. माझ्या कोपऱ्यातला एक खिळा मी नेहमी केसभर वर ठेवत असे. मुख्याध्यापक जानराव एकदा वर्गतपासणीला येऊन ऐटीत टेकले, आणि उठले तेव्हा पँट अशी फाटली की वर्गाकडे पाठ करायची त्यांना सोय राहिली नाही. आमची ओळख अशी जुनी.

त्याच शाळेत ज्योत्स्नाबाई चित्रकला शिकवायच्या. त्या जानरावांच्या पत्नी. स्नेहसंमेलनाचे पडदे त्या रंगवत, फळ्यावरची चित्रं त्या काढत, स्वागताची कमान त्या उभी करत. आणि कार्यक्रम संपला की शाल घ्यायला जानराव व्यासपीठावर जात. मुख्याध्यापकांनी करवून घेतलं म्हणजे मुख्याध्यापकांनीच केलं, असा हिशेब. त्यांच्या घरी शालींनी एक कपाट भरलेलं आहे. त्यातल्या निम्म्या शालींना अजून पडद्याच्या रंगाचा वास येतो, असं मला उगाच वाटतं.

शाळेत लोखंडी बाक आले तेव्हा आम्हाला मागच्या शेडमध्ये फेकलं. ज्योत्स्नाबाई त्याच वर्षी निवृत्त झाल्या. निरोपाला काय हवं असं विचारल्यावर त्यांनी मोडका बाक मागितला. लोकांना वाटलं, बाईंचं मन शाळेत अडकलंय. बाईंचं मन शाळेत मुळीच अडकलेलं नव्हतं. त्यांना लाकूड हवं होतं.

मला घडवायला वर्ष लागलं. माझ्या पातळ पट्ट्या काढल्या, त्या चहाच्या भांड्याच्या वाफेवर धरून वाकवल्या, एकेक बरगडीला चिकटवल्या. तळाशी आतल्या बाजूला 'पवन' असं कोरलेलं अजून आहे. तो पवन आता कारंजाच्या रस्त्यावर जीप चालवतो म्हणे.

जानराव येता-जाता बोलत. "घरातलं मीठ संपलं अन् बाई जहाज बांधून राह्यली! जाणार कुठं? मुर्तिजापूरले?"

"जाईन," बाई मान वर न करता म्हणत. "तुमी नसाल अशी जागा सापडली तर."

मग रंगाचा दिवस आला. बाईंनी मला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं आणि जीपनं कारंजाला अन्सारभाईंच्या पॉलिशच्या दुकानात नेलं. अन्सारभाई दिवाणांना आणि दरवाज्यांना पॉलिश करतात. जहाज पाहून त्यांनी विडी विझवली, हात पुसले.

"बाई, लकडी को रंग पिलाना पडता," ते म्हणाले. "चोपडना नई."

आधी बारीक कागदानं घासलं. ओल्या फडक्यानं पुसलं, लाकडाचे बारीक तंतू उठू दिले, पुन्हा घासलं. मग स्पिरिटमध्ये लाल पूड कालवली आणि कापसाची गुंडी फडक्यात बांधून बाईंनी ती माझ्या पोटावरून फिरवली, नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या सुकाणूपर्यंत, एका दमात. काय सांगू! बाकाच्या जन्मात शाई माझ्यावर सांडायची. हा रंग माझ्यात उतरला. एकेक रेष जागी झाली. बाईंनी नंतर बोट फिरवून पाहिलं. त्या दिवशी मला वाटून गेलं की सूडबीड सोडून द्यावा आणि सुखानं राहावं. हा अशक्तपणा फार टिकला नाही.

निघताना अन्सारभाईंनी बजावलं, "अगली बार आओ तो चपडी के दो हाथ मारेंगे. तब तक इसपे दुसरा रंग मत लगाना, और सफेद तो बिलकुल नई. ये लाल बडा जिद्दी है. बीच में चपडी नई रही तो सफेद को फाड के ऊपर आता."

चपडी म्हणजे लाखेचं पातळ पॉलिश. ते मध्ये असलं की खालचा रंग खाली राहतो.

"मले पांढरं कायले मारायचं हाय?" बाई हसल्या.

चपडीची खेप लांबत गेली. मी बैठकीत टीव्हीशेजारी उभा. जानराव माझ्या डोलकाठीला चष्मा अडकवत, दोरांमध्ये लाईटबिल खोचत. एकदा तर ओला पंचा वाळत घातला. मी सगळं लक्षात ठेवत होतो.

आणि एका सकाळी फोन आला. कारंजाच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाचं कलाप्रदर्शन होतं, आणि पाहुणे होते भाऊसिंग राठोड, अख्खी नोकरी नौदलात काढलेले. जानरावांना मंडळाचं अध्यक्ष व्हायचं होतं; त्यासाठी वर्षभर ते कोणाच्याही तेराव्याला हजर राहत होते.

"जहाज? हो, हो, मीच बनवलं ना!" ते फोनवर म्हणाले. "रिकामा वेळ, दुसरं काय!"

आत बाई तुरीची डाळ निवडत होत्या. सुपाचा आवाज थांबला. त्या बाहेर आल्या.

"कोणी बनवलं म्हणता?"

"अवं, तुझं-माझं काय वेगळं हाय का?"

"शाल तर वेगळी असते."

"आता नावासाठी कायले मरून राह्यली? इलेक्शन हाय माझं!" मग माझ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "अन् हा रंग कसा? जुन्या देव्हाऱ्यासारखं दिसते. जहाज कसं पांढरंशुभ्र पायजे."

इथे जानरावांचं रंगातलं शिक्षण सांगायला हवं. पोळ्याला त्यांच्या भावाच्या बैलांची शिंगं रंगवायचा मान त्यांचा. ऑइलपेंटचा डबा उघडायचा, ब्रश बुडवायचा आणि बुडापासून टोकापर्यंत जाड हात ओढायचा. बैल काही तक्रार करत नाही, आणि पुढच्या पोळ्यापर्यंत कोणी बघतही नाही. एवढ्यावरून ज्याला शिंग रंगवता आलं त्याला जगातलं काहीही रंगवता येतं, असं त्यांचं मत झालेलं. फाटकाला मारून उरलेला पांढरा डबा त्यांनी काढला आणि ब्रश शोधू लागले.

बाई दारात उभ्या होत्या. त्यांना सगळं ठाऊक होतं. एक शब्द पुरला असता. त्या माझ्याजवळ आल्या, माझ्या लाल पोटावरून एकदा बोट फिरवलं, अगदी अन्सारभाईंच्या दुकानात फिरवलं होतं तसंच. मग आत गेल्या आणि स्वतःचा सगळ्यात चांगला ब्रश घेऊन आल्या.

"हा घ्या," त्या म्हणाल्या. "याचे केस गळत नाहीत."

मला कळलं. मला विचारलं असतं तर मीही हेच सुचवलं असतं.

जानरावांनी मला शिंगासारखं रंगवलं. पांढरे ओघळ गळून मेजावर पडले. वर निळ्या अक्षरांत 'निर्माता : जानराव'. ते मागे सरून डोळे बारीक करून बघत राहिले.

लाल कुठेही गेला नव्हता. वरचा पांढरा ओला होता, त्याच्या अंगात टर्पेंटाइन होतं. त्याचाच हात धरून लाल निघाला. सकाळी पट्ट्यांच्या सांध्यांवर गुलाबी झाक होती.

"उजेडाचा फरक हाय," जानराव म्हणाले आणि अक्षरं तेवढी सोडून वरून दुसरा हात मारला, पातळ करून. म्हणजे लालाला वर यायला आणखी सोपं.

"कसं दिसते?"

"छान," बाई म्हणाल्या. "तुमचंच वाटते."

मंगल कार्यालयात गर्दी होती. मला चादरीखाली झाकून ठेवलं होतं, वर व्हिडिओवाल्याचा दिवा तापत होता. मी पोट सैल सोडलं. जानरावांनी माईक घेतला, लाकडाची निवड, रात्रंदिवसाची साधना, बोटांना पडलेले घट्टे असं सगळं सांगितलं आणि चादर ओढली.

मी आयुष्यात इतकं मनापासून कधी काही केलं नव्हतं. नाळेपासून सुकाणूपर्यंत पट्टीपट्टीनं लाल वर आला होता, मधून गुलाबी डाग, जणू कोणी माझ्यावर पान खाऊन थुंकलंय. 'निर्माता'ची निळी अक्षरं जांभळी होऊन सुजली होती.

भाऊसिंग उठले, चष्मा चढवून अगदी जवळ आले. "जानरावभाऊ, अख्खी उमर जहाजावर काढली मी. जहाजाले गंज चढते, शेवाळ चढते. गोवर झालेलं जहाज पैल्यांदाच पाह्यलं."

लोक हसले. भाऊसिंगांनी सरळ विचारलं, "खालून कोणता रंग दिला होता तुमी?"

जानरावांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना आठवेना, कारण आठवायला काही नव्हतंच. घाम पुसत ते बायकांच्या रांगेकडे वळले. माईक हातातच होता.

"ज्योत्स्ना! हे लाल काहून येऊन राह्यलं?"

सगळ्या माना वळल्या. बाई उठल्या, पदर सारखा केला.

"मले काय माहीत?" त्या म्हणाल्या. "जहाज तर तुमी बनवलं ना!"

आधी मागच्या रांगेत कोणीतरी फिसकलं. मग हसणं पुढे आलं, आणि व्यासपीठावर पोचलं तेव्हा भाऊसिंगही त्यात होते. अध्यक्षपद दुसऱ्याकडे गेलं. शाल मात्र आधीच आणलेली होती, म्हणून ती जानरावांना द्यावी लागली. ती अंगावर घेताना त्यांचा चेहरा माझ्या रंगाचा झाला होता.

नंतर बाईंनी मला अन्सारभाईंना दाखवलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "बाई, मैंने बोला था ना!"

"बोलले होते," बाई म्हणाल्या. "म्हणूनच."

अन्सारभाईंनी मला उलटंसुलटं करून पाहिलं. मग म्हणाले, खरडून देतो, नवा रंग पाजतो, पहिल्यासारखं होईल. बाईंनी मान हलवली. "राहू द्या."

फुकट काही झालं नाही. माझी रेष गेली. तो एका दमात उतरलेला लाल आता डागाडागांनी उरलाय. बुडाखाली, जिथे जानरावांचा ब्रश पोचला नाही, तेवढी बोटभर जागा शाबूत आहे. दुपारी घर निजलं की बाई मला कलंडवून तिथे बोट टेकवतात. मग शेजारी बसून नवीन जहाजाच्या पट्ट्या वाफेवर धरतात. याला रंग चढला की आधी चपडी.

मी आता जानरावांच्या खुर्चीसमोर उभा असतो. ती जागा बाईंनी निवडली. पाहुणे विचारतात, हे काय? आणि काय गंमत आहे बघा, आता जानराव कोणी न विचारता सांगतात, "हे हिनं बनवलं."

"बनवलं मी," बाई चहा ठेवता ठेवता म्हणतात. "रंगवलं यांनी."

मध्यंतरी बाई माहेरी गेल्या असताना जानरावांनी गुपचूप तिसरा हात मारला. त्या परत यायच्या आत मी पुन्हा लाल.

वाचकहो, निरोपाच्या वेळी काही मागायची आम्हा वस्तूंची रीत आहे. कोणी सावली मागतं, कोणी डागडुजी. मला फक्त एवढंच हवंय: फाटकाचा तो डबा अजून जिन्याखाली आहे, त्यात थोडा पांढरा उरलाय, आणि जानरावांची नजर अधूनमधून तिकडे जाते. त्यांना कोणी अडवू नका. बाईंचा ब्रश डब्याशेजारी धुऊन ठेवलेला आहे.