एक जानेवारी, दुपारी बारा

बाबांच्या कॅमेऱ्याच्या मते आमच्या घरातली अकरा वर्षं एकाच दुपारी उरकली. ताईचं लग्न, माझी पहिली नोकरी, ती गेल्यावरची दुसरी, भिंतींना दिलेला आणि महिन्याभरात पुसलेला पिस्ता रंग, आईचं आजारपण, मग तिचं जाणं, सगळं एक जानेवारीला, दुपारी बारा ते साडेबाराच्या दरम्यान. त्याचं असं, की फोटो काढून झाले की बाबा कॅमेऱ्यातले सेल काढून ठेवत. सेल आत राहिले की गळतात, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. सेल काढले की कॅमेऱ्याचं घड्याळ मरायचं. पुन्हा घातले की कॅमेरा आधी तारीख विचारायचा. बाबा ‘नंतर’ दाबायचे. अकरा वर्षं त्यांनी ‘नंतर’ दाबलं. सेल मात्र एकदाही गळले नाहीत.

फोटो एकतीस हजार. दोन हार्ड डिस्क, सात कार्डं आणि एका बुटांच्या खोक्यात सीड्या. बाबांची उभी नोकरी सरकारी रेकॉर्ड रूममध्ये गेली, त्यामुळे फोल्डरांना नावं होती: ‘महत्त्वाचे’, ‘महत्त्वाचे नवीन’, ‘तपासायचे’, ‘तपासलेले’ आणि अर्थातच ‘संकीर्ण’. ‘संकीर्ण’मध्ये बावीस हजार होते.

हे सगळं असंच पडून राहिलं असतं आणि कुणाचं काही बिघडलं नसतं. पण डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाबांना सांगितलं, की दोन्ही डोळ्यांच्या मधोमध डाग वाढतोय. थांबणार नाही.

“कडेचं दिसत राहील बरं का,” उत्तेजनार्थ बक्षीस द्यावं तशा आवाजात डॉक्टर म्हणाले.

“मधलं किती दिवस?” बाबांनी विचारलं.

“सहा महिने. कमीच धरा.”

घरी आल्यावर बाबांनी ताईला फोन करून बोलावून घेतलं आणि आम्हा दोघांना समोर बसवलं. “मला एक फोटो बघायचाय,” ते म्हणाले. “तुमच्या आईचा. हसतानाचा.”

आई कॅमेऱ्यासमोर कधी हसली नाही. ताईच्या लग्नातसुद्धा ती पासपोर्टसाठी आल्यासारखी उभी आहे. पण एकदा नवा चष्मा आणला होता, तो सैल होता, नाकावरून घसरला, तो पकडता पकडता ती खदाखदा हसली आणि बाबांनी नेमकं बटण दाबलं.

“दात दिसतायत,” बाबा म्हणाले. “काढून टाका म्हणाली होती. काढला, असं मी सांगितलं. पण ठेवलाय.”

“कुठे?”

“नीट ठेवलाय.”

ताईने माझ्याकडे बघितलं. बाबांनी नीट ठेवलेलं काहीही आजवर आम्हाला सापडलेलं नव्हतं.

“मग सरळ शोधू या ना,” ती म्हणाली. “मी डाव्या डिस्कपासून सुरू करते, हा उजवीपासून.”

“शोधायचं नाही,” बाबा म्हणाले. “आधी लावायचं. शोधायला गेलं की सापडत नाही, लावलं की आपोआप पुढे येतं. मी पस्तीस वर्षं हेच केलंय.”

“आणि आलं का पुढे?”

“बरंचसं.”

आम्ही भांडायला हवं होतं. पण माणसाची दृष्टी जात असताना त्याच्याशी पद्धतीवरून वाद घालणं बरं दिसत नाही, म्हणून आम्ही शहाण्यासारखे गप्प बसलो. इतका महागात पडलेला शहाणपणा मी दुसरा केलेला नाही.

दर रविवारी सकाळी आम्ही बसायचो. मी माऊसवर, बाबा मध्ये, ताई वही घेऊन. मध्ये एकदा ताईच्या हट्टाने चेहरे ओळखणारा प्रोग्रॅम लावून बघितला. त्याने आईच्या चौदा वेगवेगळ्या बायका केल्या आणि ताईला त्यातल्या सर्वांत म्हाताऱ्या आईत घातलं. ताई आठवडाभर कुणाशी बोलली नाही. प्रोग्रॅम काढून टाकला.

बाबांची पद्धत वेगळी होती. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून त्यांना चेहरे नीट लागेनात. मान कबुतरासारखी वाकडी करून ते फोटोची कड बघायचे. आणि आयुष्यभर त्यांनी माणसं बरोब्बर मधोमध घेतलेली.

“खुर्चीला हात आहे का तुटलाय?”

“आहे.”

“मग ताईच्या लग्नाआधीचा. पुढचा.”

अशा रीतीने आमच्या कुटुंबाचा इतिहास फर्निचरच्या आधाराने लागत गेला. माणसं कोण आहेत हे विचारणं त्यांनी हळूहळू सोडून दिलं. एकदा माझाच फोटो समोर असताना ते म्हणाले, “कपाट छान आलंय.”

पाचव्या महिन्यात आमच्या हातून ते झालं. बाबांना आता वर्तमानपत्राचा मथळाही लागत नव्हता आणि अजून चौदा हजार बाकी होते. एका फोटोत आईचं तोंड अर्धवट उघडं होतं. बहुधा ती कुणावर तरी ओरडत होती. ताईने मला कोपराने ढोसलं.

“बाबा! सापडला!”

“चष्मा घसरलाय?” त्यांनी विचारलं.

“घसरलाय,” मी म्हणालो.

“दात?”

“दिसतायत ना. सगळे,” ताई म्हणाली. “शपथ.”

बाबा पुढे सरकले. मान डावीकडे, मग उजवीकडे. बराच वेळ. आम्ही दोघं जमिनीकडे बघत होतो.

“कडेला निळा पडदा आहे,” ते म्हणाले. “निळे पडदे चष्म्यानंतर दोन वर्षांनी आले.”

ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, “पुढचा.”

खरा फोटो सातव्या महिन्यात आला. ‘तपासलेले’च्या पोटात एक ‘तपासायचे’ होतं, त्यात. आईने मान मागे टाकलीय, चष्मा एका कानाला लोंबतोय, पकडायला निघालेला हात हलल्यामुळे पुसट झालाय, आणि ती हसतेय. तिला एवढे दात होते हे मला माहीत नव्हतं. बाबांनी फार जवळून काढला होता. फोटोभर नुसता तिचा चेहरा. ताईच्या हातातली वही खाली पडली.

“बाबा,” मी म्हणालो, “हा.”

“कडेला काय आहे?”

“काही नाही. आईच आहे. एका कोपऱ्यात थोडी भिंत.”

“रंग?”

“पांढरा.”

“भिंत तीनदा पांढरी झाली.”

“चष्मा लोंबतोय, बाबा. खरंच लोंबतोय.”

“चष्म्याचं मीच तुम्हाला सांगितलं होतं.”

“बाबा, शपथ,” ताई म्हणाली. ती रडत होती.

“मागच्या वेळी पण घेतली होतीस, बाळ.”

तरी ते उठले. खुर्ची मागे सारून स्क्रीनच्या अगदी जवळ गेले. खांबाआड कुणी उभं असावं आणि खांब हलत नसावा, तशी मान इकडून तिकडे करत राहिले. मी फोटो मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला.

“चेहरा आहे एवढं कळतंय,” ते म्हणाले. “कान दिसतोय. पण कानावरून कसं सांगणार?”

“मी सांगतोय ना.”

“तू सांगतोयस.” ते पुन्हा खुर्चीत बसले. “किती राहिलेत?”

“सहा हजार. थोडे वरच.”

“मग त्यात असेल,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम तरतरीत झाला. “हा ‘संकीर्ण’मध्ये टाक.”

ताईने वही उचलून नोंद केली. मी पुढचा फोटो घेतला. त्यात मधोमध कोण होतं ते बाबांनी विचारलं नाही. कडेला जिना होता. तो त्यांनी लगेच ओळखला.